कुलूप चोरासाठीच असतं

‘कुलूप सावासाठी असतं, चोरासाठी नाही.’ आकुर्डीत कुणाची सायकल चोरीला गेली की सांत्वनाला येणारा पहिला माणूस हे वाक्य घेऊन येतो. दुसरा म्हणतो, सीसीटीव्हीत दिसेल की. तिसरा विचारतो, इतकी महाग घ्यायचीच कशाला? मला भांडायचंय ते पहिल्याशी; बाकीच्या दोघांचा समाचार जाता जाता घेऊ. पहिल्याचं वाक्य चुकीचं तर आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे ते भलतंच सोयीचं आहे. ते एकदा उच्चारलं की सोसायटीच्या कमिटीला स्टँड बसवावा लागत नाही, कारखान्याला गेटबाहेरच्या सायकलींकडे बघावं लागत नाही आणि महापालिकेला फुटपाथच्या कडेला चार पाइप रोवावे लागत नाहीत. गेली ती सायकल नशिबानं गेली, असं म्हणून सगळे मोकळे.

हे वाक्य खरं असतं तर अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत कुलपांचा कारखाना काढलाच नसता. शहरात घरफोड्या वाढल्याची बातमी वाचून त्यांना ही कल्पना सुचली असं सांगतात. म्हणजे त्यांच्या डोळ्यांसमोर चोर होता, साव नव्हता. अलीगढची अख्खी बाजारपेठ काही सज्जनांना मोहापासून वाचवण्यासाठी उभी राहिलेली नाही.

वाक्यात अर्धं सत्य आहे, तेवढं देऊन टाकतो. न फुटणारं कुलूप जगात नाही. पण ‘फुटतं’ म्हणून थांबणारा माणूस पुढचे प्रश्न विचारतच नाही. किती वेळात फुटतं? कशानं? किती आवाज होतो? कुलूप हे वेळ विकत घेण्याचं साधन आहे आणि कुलपांची परीक्षा घेणारे त्याच हिशेबानं घेतात. ब्रिटनमध्ये ‘सोल्ड सिक्युअर’ ही संस्था १९९२ पासून हेच करते: हत्यारं ठरलेली, मिनिटं मोजायची, आणि कुलूप किती टिकलं त्यावरून ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, डायमंड असा शिक्का. आपल्या दुकानात मिळणाऱ्या खोक्यावर बहुतेक वेळा कंपनीचे स्वतःचेच आकडे असतात. क्रिप्टोनाइटची पट्टी दहाची, अबसची पंधराची. एकाकडचे आठ आणि दुसऱ्याकडचे आठ सारखे नव्हेत. खोक्यावर बाहेरच्या संस्थेचा शिक्का आहे का, ते आधी बघावं.

खरं तर हे पिंपरी-चिंचवडच्या माणसाला समजावून सांगावं लागू नये. इथल्या निम्म्या घरांत कुणी ना कुणी टूलरूममध्ये, फोर्जिंगमध्ये नाहीतर हीट ट्रीटमेंटमध्ये उमेदवारी केलेली आहे. भोसरी किंवा तळवड्याच्या कुठल्याही शेडमध्ये जाऊन बाकावर तीन कुलपं मांडावीत. दोनशे रुपयांच्या केबल लॉकचं प्लॅस्टिक आवरण ब्लेडनं सोलावं. वरून बोटभर जाड दिसणारी केबल आत निघते चार-सहा मिलिमीटरची तारांची वेणी. वायर कटरनं एकेक पदर तोडत गेलं तरी हात दुखत नाही. मग हार्डवेअरच्या दुकानातली, वजनावर मिळणारी साखळी व्हाइसमध्ये धरून तिच्यावर कानस फिरवावी. कानस चावते, कडीवर पांढरा चकचकीत ओरखडा उठतो. म्हणजे माल मऊ आहे, बोल्ट कटरच्या दोन दाबांचा धनी. शेवटी चांगल्या यू-लॉकच्या दांड्यावर तीच कानस फिरवावी. ती नुसती घसरते. दांड्यावर काही उमटत नाही, कानशीचेच दात बोथट होतात. हार्ड केलेला जॉब ज्यानं हाताळलाय त्याला पुढचं सांगायची गरज नाही: हॅकसॉचं पातं इथे उपयोगाचं नाही आणि हातातला लहान बोल्ट कटर तर नाहीच. आता या तिन्ही वस्तूंना ‘कुलूप’ म्हणून एकाच वाक्यात उडवून लावणाऱ्या माणसाशी वाद तरी कसा घालायचा?

‘आणि ग्राइंडर?’ हा पुढचा बार. मान्य. बॅटरीवरचा अँगल ग्राइंडर तेरा मिलिमीटरचा हार्ड दांडाही मिनिटभराच्या आसपास कापतो. दांडा दोन्ही टोकांना अडकणारा असेल तर एक काप देऊन भागत नाही, तो फिरवून काढता येत नाही, दुसरा काप द्यावा लागतो. एवढाच काय तो दिलासा. परदेशी लेखक इथे म्हणतात की ठिणग्या उडतात, आवाज होतो, लोक बघतात. आमच्या औद्योगिक पट्ट्यात हा युक्तिवाद थोडा लंगडा पडतो. इथे ग्राइंडरचा आवाज आला तर कुणी खिडकीसुद्धा उघडत नाही. ग्रिलचं काम चाललं असेल म्हणून लोक टीव्हीचा आवाज वाढवतात. पण ग्राइंडर घेऊन निघणारा चोर चार हजारांच्या सायकलीसाठी निघत नाही. बहुसंख्य सायकली ज्या जातात त्या कापून जात नाहीत, उचलून जातात. सगळ्या वादाची मेख इथे आहे.

आपल्याकडच्या साध्या काळ्या सायकलीला मागच्या चाकापाशी, सीटखालच्या दोन नळ्यांवर घट्ट बसवलेलं नालाच्या आकाराचं कुलूप असतं. दट्ट्या दाबला की सळई आऱ्यांतून पलीकडे जाते आणि चाक अडतं. उघडं असताना किल्ली त्यातच अडकून राहते, म्हणून हरवत नाही. उत्तम वस्तू आहे. दोन सेकंदांत लागते, वेगळी वाहून न्यावी लागत नाही, खडखडत नाही. पण ती सायकलला कशाला बांधते? स्वतःलाच. सायकल चालवता येत नाही, एवढीच तिची हमी; उचलून टेम्पोत टाकता येणार नाही, असं तिनं कधीच म्हटलेलं नाही. सायकल वीस किलोच्या पुढची होती तोवर हे भागून गेलं. आता गिअरची ॲल्युमिनियमची सायकल तेरा-चौदा किलोंची असते आणि दुचाकीवर मागे बसलेला माणूस ती मांडीवर आडवी धरून निगडीच्या पुलापर्यंत सहज नेऊ शकतो.

भागत होतं त्याला वजनाखेरीज आणखीही कारणं होती आणि ती आपण विसरलोय. पुण्यासारख्या शहरांत सायकलला पालिकेचा बिल्ला असायचा. कर भरायचा, बिल्ला लावायचा, नाहीतर दंड. लोक त्याला शिव्या घालायचे, पण कुठली सायकल कुणाची याची कुठेतरी नोंद राहायची. रेल्वे स्टेशनाबाहेर, थिएटरबाहेर पैसे घेऊन सांभाळणारा सायकल स्टँड असायचा: पत्र्याचं एक टोकन हँडलला, त्याच नंबरचं दुसरं तुमच्या खिशात. टोकन नसेल तर स्टँडवाला सख्ख्या भावालासुद्धा सायकल देत नसे. कारखान्यांच्या गेटला पत्र्याच्या छपराखाली सायकलींच्या रांगा आणि त्यांच्यावर वॉचमनची नजर. मागच्या चाकाचं ते एवढंसं कुलूप या सगळ्या व्यवस्थेचा शेवटचा, सर्वांत छोटा भाग होतं. स्टँडच्या जागी दुचाकींचं पे अँड पार्क आलं, बिल्ला गेला, छपराखाली बस आणि मोटारसायकली उभ्या राहिल्या. राहिलं एकटं कुलूप, आणि आता त्यालाच विचारायचं, तू चोराला का अडवलं नाहीस?

जपानमध्ये आजही बहुतेक सायकलींना हेच, मागच्या चाकाचं साधं कुलूप असतं आणि ते पुरतं. कारण तिथे १९९४ पासून सायकलीची चोरीविरोधी नोंदणी कायद्यानं बंधनकारक आहे. सायकलवर नंबरचा स्टिकर असतो आणि पोलीस वाटेत थांबवून तो तपासतात. नेदरलँड्समध्येही हेच कुलूप, पण त्याच्या खाचेत आणखी एक साखळी खोचून ती स्टँडला बांधायची सोय असते. शिवाय युट्रेख्टच्या स्टेशनाखाली साडेबारा हजार सायकलींचा राखणीचा तळ आहे आणि पहिले चोवीस तास त्याचे पैसे पडत नाहीत. कुलूप तिकडेही आमच्यासारखंच लेचंपेचं; भोवतालची व्यवस्था तेवढी भक्कम.

उलट बाजूचा दाखला घरचाच आहे. २०१७ च्या डिसेंबरात पुण्यात विद्यापीठ आणि औंध भागात भाड्याच्या सायकली आल्या, पुढच्या वर्षी पिंपळे सौदागरमध्येही आल्या. मागच्या चाकाला मोबाइलनं उघडणारं कुलूप, आत जीपीएस. आपल्या रस्त्यांवर आलेलं त्या वेळचं हे सर्वांत हुशार कुलूप होतं. पण सायकल कशालाच बांधलेली नव्हती. उचलली, आपटली, नदीकाठी फेकली, सुटे भाग काढले. दोनेक वर्षांत बहुतेक कंपन्यांनी गाशा गुंडाळला. तेव्हा आपल्याकडे चर्चा झाली ती पुणेकरांच्या संस्कारांची. सायकल जमिनीला बांधायची सोय का नव्हती, यावर फारसं कुणी बोललं नाही.

आता दुकानदाराच्या तोंडी असलेला नियम: सायकलच्या किमतीच्या दहा टक्के कुलपावर खर्च करा. ऐकायला शहाणपणाचा, हिशेबात उलटा. पन्नास हजारांची सायकल रविवारी लोणावळ्याला नेणाऱ्यानं पाच हजारांचं कुलूप घ्यावं, ठीक. तो बहुधा ती घरातच ठेवतो. पण चार हजारांच्या सायकलवर तिसऱ्या पाळीला जाणारा सिक्युरिटी गार्ड? त्याच्या वाट्याला या नियमानं चारशे रुपये येतात, म्हणजे फार तर तसलंच केबल लॉक जे आपण वर सोलून पाहिलं. रविवारवाल्याची सायकल गेली तर त्याची हौस काही महिने लांबते. गार्डची गेली तर पहाटे पाळी सुटल्यावर बस नाही, सीटवरची रिक्षा नाही आणि खोली खंडोबा माळाच्या पलीकडे. सायकलच्या किमतीवरून कुलूप ठरवणं म्हणजे ज्याचं नुकसान मोठं त्याला कुलूप लहान. कुलूप ठरवायचं ते सायकल किती वेळ, कुठे, कुणाच्या नजरेआड उभी राहणार आहे आणि ती गेली तर दुसऱ्या दिवशी कामावर कसं जायचं, यावरून.

कायद्यानंही या गार्डला वाऱ्यावरच सोडलंय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) प्रमाणे चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण चोरीच्या वस्तूची किंमत पाच हजारांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर शिक्षा फक्त समाजसेवेची. त्यात मला चूक दिसत नाही, पोटासाठी केलेल्या किरकोळ चोरीला तुरुंग कशाला? पण त्याच्या जोडीनं अशी चोरी अदखलपात्र झाली आहे. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपासच करू शकत नाहीत. ठाण्यात एनसी नोंदवून घेतात आणि कागद हातात देतात. गरिबाची जुनी सायकल पाच हजारांच्या आतच बसते. तेव्हा ‘चोर काय, पोलीस बघून घेतील’ हा आधारही गेला. अशा वेळी त्याला ‘कुलूप लावून काय उपयोग’ म्हणणं हा निव्वळ क्रूरपणा आहे. त्यानं बिल जपून ठेवावं, पायडलच्या आसाखाली ठोकलेला फ्रेम नंबर मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. किमतीचा किंवा मालकीचा वाद निघाला तर हातात कागद तरी असेल.

दुसऱ्या आणि तिसऱ्या सांत्वनकर्त्यांना फार जागा देत नाही. सीसीटीव्हीत टोपी आणि मास्क दिसतो, आणि सायकल जाताना दिसते. परत येताना दिसल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. ‘वर घरात न्या’ म्हणणाऱ्यानं लिफ्टमधली ‘सायकल नेण्यास मनाई’ ही पाटी वाचावी आणि मग कॉट बेसिसवर सहाजणांत एक खोली घेऊन राहणाऱ्या पोराला हा सल्ला द्यावा. जीपीएस लावा म्हणतात, लावा. ते सायकल कुठे गेली हे सांगतं, जाऊ नये यासाठी काही करत नाही. राहिला ‘कुठलंही कुलूप कसं उघडतं’ हे दाखवणाऱ्या व्हिडिओंचा धसका. २००४ साली अमेरिकेत खरोखरच असं झालं होतं: क्रिप्टोनाइटची गोल किल्लीची कुलपं साध्या बॉलपेनच्या नळीनं उघडत होती. पण पुढची गोष्ट कुणी सांगत नाही. कंपनीला कुलपं बदलून द्यावी लागली आणि गोल किल्ली त्या बाजारातून हद्दपार झाली. तिकडच्या गिऱ्हाइकानं नशिबाला बोल लावला नाही, कंपनीला लावला.

मग घ्यावं कोणतं? गिअरची सायकल असेल, मागे साखळीचं पूर्ण कव्हर आणि जड कॅरिअर नसेल, तर छोटं यू-लॉक. छोटं यावर भर आहे. यू जितका मोठा, तितकी आत पहार घालून पिरगळायला किंवा लहान जॅक बसवायला जागा जास्त. आतली पोकळी चाक, नळी आणि खांब यांनी गच्च भरली पाहिजे. शेल्डन ब्राउन नावाचा एक अमेरिकन मेकॅनिक होता, २००८ साली वारला. त्यानं सांगितलेली युक्ती अजून वापरली जाते. मागच्या त्रिकोणाच्या आतून, म्हणजे सीटखालच्या आणि पायडलकडून येणाऱ्या नळ्यांच्या मधल्या जागेतून, यू फक्त चाकाच्या रिमला आणि खांबाला घालायचा. फ्रेममधून घातला नाही तरी चालतं, कारण रिम त्या त्रिकोणातून बाहेर येऊच शकत नाही; चाक वाचलं, फ्रेमही वाचली आणि लहान कुलूप पुरलं. रिम कापेल की! कापेल, पण ताणलेल्या आऱ्यांमुळे रिम सतत दाबाखाली असते आणि करवतीचं पातं तिच्यात आवळलं जातं. शिवाय आधी टायर कापावा लागतो, आणि कापून झाल्यावर हाती येते चाक गेलेली सायकल. पुढच्या चाकाला क्विक रिलीजची दांडी असेल तर ती काढून ॲलन-कीची बसवून घ्यावी. सायकलवाला पाच मिनिटांत देतो.

काळ्या सायकलला ही युक्ती जमत नाही. चेनकव्हर, मडगार्ड, कॅरिअर आणि स्टँड यांच्या गर्दीत यू शिरत नाही. तिला साखळी बरी, हार्ड केलेली, चौकोनी कड्यांची, आणि मागचं मूळ कुलूप जोडीला आहेच. साखळी चांगली घेऊन तिला सुटकेसचं कुलूप लावणारे महाभाग मी पाहिलेत. चोर साखळीकडे बघतसुद्धा नाही. नंबरच्या कुलपाबद्दल एवढंच की तीन आकडी असेल तर एकूण हजारच जोड्या होतात, आणि कॉलेजच्या पोराकडे वेळ भरपूर असतो.

निवडण्याइतकाच वाहून नेण्याचा प्रश्न अवघड आहे. बहुतेक चांगली कुलपं घरात खिळ्याला टांगलेली राहतात ती इथेच हरल्यामुळे. यू-लॉकबरोबर येणारा प्लॅस्टिकचा ब्रॅकेट शोरूमच्या फरशीवर छान बसतो. सर्व्हिस रोडवरच्या मेट्रोच्या खोदकामातून आठवडाभर गेलात की स्क्रू सैल होतो, ब्रॅकेट नळीवर फिरतो आणि कुलूप गुडघ्याला लागायला लागतं. ब्रॅकेटखाली जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून मग आवळावा, आणि शक्य तर बाटलीच्या पिंजऱ्याच्या बोल्टांवर बसणारा घ्यावा. हँडलला कुलूप किंवा साखळी अडकवू नये. उतारावर ते पुढच्या आऱ्यांत गेलं तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. साखळी कमरेला गुंडाळणं सिनेमात शोभतं, पडल्यावर ती मणक्यात रुतते. आमच्याकडचे जुने कामगार साखळी जुन्या ट्यूबमध्ये ओवतात: रंग खरवडत नाही, खडखड नाही आणि उन्हात तापलेलं लोखंड हाताला लागत नाही. ती सीटखाली नळीला दोन वेढे देऊन ठेवतात. परदेशातल्या कुठल्याही दोन हजारांच्या आवरणापेक्षा हे काम कमी नाही. रोज एकाच ठिकाणी जाणाऱ्यानं तर जड कुलूप तिथेच, स्टँडच्या पाइपला लावून ठेवावं आणि फक्त किल्ली घेऊन हिंडावं. अर्थात त्यासाठी तिथे पाइप हवा, त्याकडे येतोच.

त्याआधी तेलाचं बोलून घेतो, कारण निम्मी कुलपं चोरामुळे नाही, तेलामुळे मरतात. घरात हाताशी असतं म्हणून लोक कुलपात खोबरेल सोडतात. खोबरेल तेल चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली गोठतं; डिसेंबरात पहाटे सहाला आकुर्डीत पारा त्याच्या बराच खाली असतो. आत तेल, धूळ आणि ग्राइंडिंगची भुकटी यांचा लगदा होतो आणि किल्ली अर्ध्यात अडकते. पहिल्या पाळीच्या माणसानं मग दगड घेऊन स्वतःचंच कुलूप फोडायचं. ग्रॅफाइटची भुकटी किंवा कोरडं वंगण वापरावं, कुलूप लावताना किल्लीचं भोक जमिनीकडे करावं म्हणजे पावसाचं पाणी आत उभं राहत नाही, आणि दुसरी किल्ली त्याच जुडग्यात ठेवू नये.

आणि आता मूळ दुखणं. कुलूप घेतलं, हार्ड केलेलं घेतलं, नीट वाहून आणलं, बांधायचं कशाला? आकुर्डी स्टेशनाबाहेर, म्हाळसाकांत चौकात, प्राधिकरणातल्या कुठल्याही बँकेसमोर उभं राहून बघा. ‘नो पार्किंग’ची पाटी आहे, पण तिचा खांब इतका बुटका की सायकल कुलपासकट वरून उचलून काढता येते. महावितरणचा खांब यू-लॉकच्या कवेत मावत नाही, आणि पावसाळ्यात त्याला हात लावू नये हे शहाण्याला सांगायला नको. झाडाला बांधलं तर साल सोलते. सोसायट्यांमध्ये लोक पावसाच्या पाण्याच्या पीव्हीसी पाइपला बांधतात, तो लाथेनं तुटतो. काहीजण भिंतीवरून वर गेलेल्या पिवळ्या गॅसच्या पाइपला बांधतात. साखळी ओढली, सांधा हलला, तर सायकलचोरी ही त्या इमारतीची सर्वांत किरकोळ अडचण ठरेल. कुणी आग विझवायच्या लाल पाइपला बांधतात. हे बेजबाबदार आहेत का? आहेत. पण त्या आवारात जमिनीत पक्का रोवलेला, हाताच्या कवेत मावणारा, कुणाच्या जिवाशी न खेळणारा एक लोखंडी तुकडा दाखवा, मग त्यांना रागवा.

जिथे ‘सायकल स्टँड’ म्हणून काही असतं तिथे बहुधा पुढचं चाक अडकवायच्या खाचा असतात. त्यात सायकल उभी राहते, बांधली जात नाही. पुढचं चाक बांधलं तर चाक ठेवून बाकीची नेता येते, आणि शेजारच्यानं धक्का दिला की रिम वाकते ते वेगळंच. जगभर चाललेला उपाय फार साधा आहे. इंग्लंडातल्या शेफील्ड गावाच्या नावानं ओळखला जाणारा स्टँड: एक दोन इंची पाइप, दोन ठिकाणी वाकवलेला, कमरेच्या थोडा खाली, दोन्ही पाय काँक्रीटमध्ये. दोन बाजूंना दोन सायकली, फ्रेमला फ्रेम लावून. दोन स्टँडमध्ये साधारण मीटरभर अंतर. बस. पोलादाच्या कामासाठी शेफील्डचं नाव झालं, तसं आमचंही आहे. पाइप वाकवायची मशीनं भोसरीत ढिगानं आहेत. ज्या आकुर्डीत चेतक स्कूटर बनली, जिला हँडल लॉक कारखान्यातूनच लागून यायचं, त्या आकुर्डीला चार पाइप वाकवणं जड जावं?

‘जागा नाही’ हे उत्तर मला तोंडपाठ आहे. एका मोटारीच्या जागेत दहा सायकली राहतात. सोसायटीत पाहुण्यांच्या मोटारींसाठी आखलेल्या पट्ट्यांपैकी एक द्यायची तर ठराव, हरकती, पुढच्या सभेपर्यंत तहकुबी; पण ‘सायकली स्वतःच्या जबाबदारीवर लावाव्यात’ ही पाटी रंगवायला कधी ठराव लागला नाही. जबाबदारी स्वतःची हे मला मान्यच आहे. कुलूप मी आणतो, वाहतो, ग्रॅफाइट भरतो. पाइप काही मी खिशात घालून आणू शकत नाही.

‘सायकलवाले आता राहिलेतच किती’ असंही विचारतात. दुपारी तीनच्या सुमारास पाळी बदलताना एमआयडीसीतल्या कुठल्याही गेटवर उभं राहावं. आणि कमी झाले असतीलच, तर त्यातले किती सायकल चोरीला गेल्यावर हप्त्यानं दुचाकी घेऊन मोकळे झाले, तेही विचारावं. पहिली सायकल गेली की माणूस दुसरी घेतो; दुसरी गेली की घेत नाही.

पिंपरीपासून निगडीच्या भक्ती-शक्ती चौकापर्यंत मेट्रोची वाढीव मार्गिका मंजूर झाली ती २०२३ मध्ये. चिंचवड, आकुर्डी, निगडी आणि भक्ती-शक्ती अशी चार स्थानकं. हे लिहिताना काम चालू आहे, सर्व्हिस रोडची अवस्था सांगायला नको. चारही ठिकाणी दुचाकींसाठी काही ना काही आखलं जाईलच, कारण दुचाकीवाल्यांचा आवाज मोठा. त्याच नकाशात जिन्याच्या अगदी पायथ्याशी, तिकीट खिडकीवरच्या माणसाच्या नजरेत आणि दिव्याखाली, वाकवलेल्या पाइपांच्या दोन रांगा काढाव्यात. मागच्या भिंतीला, कचराकुंडीशेजारी नकोत. पाइपांचे पाय निदान फूटभर काँक्रीटमध्ये हवेत, वरून बोल्टनं बसवलेले नकोत, कारण बोल्ट उघडायला इथे प्रत्येकाच्या घरात पाना आहे. फरशी बसून उद्घाटन झाल्यावर हेच करायला गेलो तर ती फोडावी लागेल, टेंडर निघेल आणि टेंडरला दोन वर्षं लागतील.